म्याकल मॅडमचं बसणं

संशोधन पद्धतीच्या तासाला वर्गात शिरलो की मी आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवतो. एकदा फिरवून समाधान होत नाही म्हणून पुन्हा फिरवतो. पोरांना वाटतं, सर आज कुणाचा तरी मोबाईल पकडणार. परवा एका मुलीनं विचारलंच, "सर, कुणाला शोधताय?" तिला काय सांगू? आमच्या म्याकल मॅडम गेल्या वर्षी वारल्या हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या या वर्गात बसलेल्या नाहीत, याबद्दल तेवढी खात्री वाटत नाही. असलं काही मास्तरानं वर्गात बोलायचं नसतं. मी फळ्याकडे वळून 'निरीक्षण' हा शब्द लिहिला आणि तास सुरू केला.

पद्मावती म्याकल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकर घरातल्या. आमच्या कॉलेजात समाजशास्त्र विभागात त्या एम.ए.ला संशोधन पद्धती शिकवायच्या. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्यांच्या एका प्रकल्पावर मदतनीस आणि शेवटी त्याच विभागात सहकारी. एवढा सहवास असूनही त्या दिसायला कशा होत्या हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. रंग सावळा असावा. उंची बेताची. चष्मा होता की नव्हता यावर आमच्या विभागात आजही दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष शपथेवर बोलतात. आवाज इतका खालचा, की त्या बोलल्या की आधी आपल्याच मनात काहीतरी आलं असं वाटायचं. मग लक्षात यायचं, अरे, मॅडम बोलल्या.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. एम.ए.चा पहिला तास. आम्ही सगळे नवे, वर्ग अर्धा भरलेला. घंटा होऊन गेली तरी मॅडमचा पत्ता नाही. मग काय, गप्पा सुरू झाल्या. म्याकल बाई म्हणजे लई कंटाळवाणी, असं एकानं ऐकलं होतं. दुसऱ्यानं त्यांची नक्कल केली, आयुष्यात एकदाही पाहिलेलं नसताना. एक मुलगी घरच्या भांडणाचं सांगून रडली, दोघींनी तिची समजूत घातली. पुढच्या बाकावर कुणीतरी शेंगाचटणीचा डबा उघडला. तास संपायला थोडा वेळ उरला होता तेव्हा माझ्या अगदी उजव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "आता लिहा. या खोलीत आत्तापर्यंत काय काय झालं?"

त्या माझ्याच बाकावर बसल्या होत्या. आमच्या दोघांच्या मध्ये माझी पिशवी होती आणि ती ठेवताना "जरा सरका" असं मी त्यांना म्हणालो होतो. त्या सरकल्याही होत्या. हे सगळं मला नंतर आठवलं. त्या क्षणी फक्त मानेवरून गार काहीतरी गेलं. रडलेली मुलगी पांढरी पडली. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुझं मी ऐकलं, पण तू मला सांगितलेलं नाहीस. ते माझं नाही." मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी निरीक्षणाचे प्रकार शिकवायला सुरुवात केली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की विचारलंत की बदललंत. माणसाला प्रश्न विचारला की तो आपला नेहमीचा राहत नाही, उत्तर देणारा होतो. पाठ ताठ करतो, बायकोला आत जायला सांगतो आणि जे असावं असं त्याला वाटतं ते सांगतो. प्रश्नावली त्या वाईट मानत नसत. नमुना निवडीत तर त्या भयंकर कडक होत्या. चिठ्ठीत जे घर निघालं ते निघालं. तिथलं कुत्रं चावरं आहे म्हणून शेजारच्या घरी जाऊन बसलेल्या एका पोराला त्यांनी पुन्हा त्याच दारात धाडलं होतं. "गृहीतक चपलांबरोबर बाहेर काढून मग आत जा," असं त्या प्रत्येक वर्षी म्हणायच्या आणि प्रत्येक वर्षी कुणीतरी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. पण त्यांचा जीव होता तो बसण्यात. घरात जाऊन बसायचं, आणि बसून बसून त्या घराला आपला विसर पाडायचा. याला त्या 'मुरणं' म्हणायच्या.

मुरायचं कसं, हे त्यांनी आम्हाला शिकवायचा प्रयत्न केला. दारात बसायचं नाही, उजेड अडतो आणि माणूस बघतं. घरात एक जागा अशी असतेच, जिथून कुणाची नजर जात नाही. ती हुडकून काढायची. हाताला काम घ्यायचं, शेंगा फोडा, ज्वारी निवडा. पेन काढायचं नाही. चहा लगेच संपवायचा नाही, संपला की कुणीतरी आणखी विचारतं. डोळ्यांत बघायचं नाही, हातांकडे बघायचं. आम्ही करून बघितलं. मला तर तासाभरात त्या घरच्या म्हातारीनं "मास्तर, तुमाला जुलाब झाल्यात का, असं का बसलाय?" म्हणून विचारलं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. हसल्या असाव्यात.

त्यांना मात्र ती विद्या अशी काही साधली होती, की ती त्यांच्यामागं कॉलेजातही येऊ लागली. विभागात चहा सांगितला की नेहमी एक कप कमी यायचा. चहावाल्या इकबालभाईला आम्ही किती वेळा झापलं असेल! तो बिचारा दारातून डोकी मोजायचा, आम्हाला मोजून दाखवायचा आणि दर वेळी एकानं चुकायचा. मॅडम शांतपणे कुणाच्या तरी बशीतला चहा घ्यायच्या. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

वळसंगच्या पुढच्या एका गावात जे झालं, त्यानंतर मला फारसं हसू येईना. घरातले निर्णय कोण घेतं, असा आमचा प्रकल्प होता. प्रश्नावल्या भरून आल्या, सगळ्यांत एकच उत्तर, घरधनी. मॅडम म्हणाल्या, हे खोटं नाही, पण खरंही नाही, आणि एका शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसल्या. रोज सकाळी मी त्यांना तिथं सोडायचो आणि संध्याकाळी आणायला जायचो. एका संध्याकाळी गेलो तर दाराला कुलूप. कुत्रं उंबऱ्याला लागून झोपलेलं. शेजारणीला विचारलं, "मॅडम कुठं गेल्या?"

"कंच्या म्याडम?"

"कॉलेजच्या. रोज येतात त्या."

"त्या व्हय? त्या आज आल्याच न्हाईत की. घरची समदी दुपारीच गेली, पाव्हन्याकडं. म्याच कुलूप लावताना बघितलं."

मी फोन काढला. लावला. बंद दाराच्या आत फोन वाजला. मग तो थांबला आणि दाराच्या अगदी पलीकडून तो खालचा आवाज आला, "कदम, किल्ली ते घेऊन गेलेत. बसा तुम्ही."

शेजारीण किंचाळली नाही, तिनं नुसता पदर तोंडाला लावला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. कुत्रं मान वर करून दाराकडे बघू लागलं. तोवर त्यालाही आत कुणी आहे हे माहीत नव्हतं. मी ओट्यावर बसलो. दाराच्या फटीतून आतला अंधार दिसत होता आणि शेंग फोडल्याचा आवाज येत होता, थोडा थांबून, पुन्हा. दार आपटावं, हाका माराव्यात, असं त्यांना का वाटलं नाही, हे मी विचारलं नाही. अंधार पडायच्या आत घरची माणसं आली. कुलूप काढलं, तर आत मॅडम भिंतीला टेकून, पुढं टरफलांचा ढीग.

घरधनी म्हणाला, "आवो, तुमी कुटं व्हता?"

"इथंच."

त्याची बायको मात्र दारातच थांबली होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. "म्हंजी दुपारी मी रडत हुते, तवाबी तुमी हितंच?" मॅडमनी मान हलवली. "आनि ह्यांच्या भनीला फोन लावला तवा?" पुन्हा मान. मग त्या उठून तिच्याजवळ गेल्या, तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. परतताना एसटीत मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिची संमती मागितली. नाही म्हणाली. संपलं." त्या घरातलं एक अक्षरही प्रकल्पात आलं नाही, आणि प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं ते तेवढंच होतं, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. एवढी सचोटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही, पण त्या दिवशी एसटीत माझ्या शेजारची जागा मोकळी समजून एक माणूस त्यांच्या अंगावरच बसायला आला, हेही मी पाहिलं.

अक्कलकोटकडच्या वस्तीवर आम्ही गेलो ते यानंतर दोनेक वर्षांनी. मेंढरं राखणारं कुटुंब, घरात कानडी आणि मराठी दोन्ही एका वाक्यात. कुटुंबाची व्याख्या आम्ही पाठ केलेली होती, एका चुलीवर जेवणारी ती सगळी. घरात माणसं किती, असं विचारलं. घरच्या कर्त्यानं बोटं मोजून सांगितलं, सहा. मी सहा लिहिलं. मॅडम आत गेल्या आणि नेहमीप्रमाणे कुणाची नजर न जाणारी जागा शोधून बसल्या. मी मेंढरांच्या वाड्याकडे गेलो.

संध्याकाळी त्यांना बोलवायला आत डोकावलो. भिंतीशी मॅडम बसलेल्या दिसल्या. "चला मॅडम," म्हटलं.

"थांबा. आम्ही दोघी आहोत," त्या म्हणाल्या.

मला एकच बाई दिसत होती. मी डोळे बारीक केले. मग मॅडमच्या खांद्याला खांदा लावून बसलेली एक म्हातारी दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती आधी कशी दिसली नाही हे मला कळेना. भिंतीच्या रंगाचं लुगडं, गुडघे पोटाशी. ती कर्त्याची आत्या होती. नवऱ्यानं टाकल्यावर तरुणपणीच माहेरी आलेली. त्या सहांत ती नव्हती.

काय झालं ते मॅडमनी मला वाटेत सांगितलं. त्या तिथं जाऊन बसल्या, तर शेजारून आवाज आला, "हितं मी बसत्ये. ही जागा माजी हाय." मॅडम दचकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी न दिसता बसलेलं भेटलं होतं. म्हातारीनं थोडी जागा करून दिली आणि विचारलं, "तू कुनाची?"

"मी कॉलेजातून आलेय, आजी."

"ते न्हाय. घरात कुनाची?"

मग म्हातारी आपणहून बोलू लागली. "पैल्यांदा मलाबी बरं वाटायचं. कोन काय काम सांगत न्हाय, कोन बोलत न्हाय. समदं दिसतंय, समदं ऐकू येतंय. मंग एक दिस माजं ताट मांडलं न्हाय. मुद्दाम न्हाय बरं का. इसरलीत. म्या बसून ऱ्हायले, म्हनलं बगू हाक येती का. समद्यांची जेवनं झाली, भांडी घासली." मग तिनं मॅडमचा हात चाचपून धरला. "तुला हाक मारत्यात का घरी?"

हे सांगताना मॅडमनी एसटीच्या खिडकीबाहेर बघत माझी बाही घट्ट धरली होती. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. म्हातारीला नाही, मॅडमना. त्यांच्या बोटांतली भीती माझ्या अंगात येत होती.

घरी त्यांना हाक मारणारं होतं कोण? नवरा लवकर गेला. मुलगी एकच, श्रावणी. हुशार पोरगी, शिकून पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं. अधूनमधून यायची. मॅडम निवृत्त झाल्या त्या समारंभाला तिला सुट्टी मिळाली नाही. त्या समारंभाचं एक सांगायला हवं. पाहुण्यांनी भाषण केलं, शाल उलगडली आणि मॅडमच्या शेजारी बसलेल्या ग्रंथपाल बाईंच्या खांद्यावर घातली. नारळही त्यांच्याच हातात. बाई बिचाऱ्या "अहो मी नव्हे, मी नव्हे" म्हणून पाहुण्यांना हातानं दाखवतायत, आणि पाहुणे त्यांनी दाखवलेल्या खुर्चीकडे बघून गोंधळलेले. सभागृह हसलं. फोटोत मॅडमच्या जागी पडद्याचा एक काळपट पट्टा आलाय.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. श्रावणी नवऱ्याबरोबर कॅनडाला चालली होती, कायमची. जायच्या आधी चार दिवस आईकडे आली होती. "कदम, जेवायला या," मॅडम म्हणाल्या. "तिसरं माणूस असलं की बरं पडतं."

गेलो. श्रावणीनं दार उघडलं, "या काका" म्हणाली, मोकळेपणानं बोलली. जेवायची वेळ झाली तशी तिनं ताटं घेतली. एक माझ्यापुढं ठेवलं, एक स्वतःला. वाढायलाही लागली. मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मग त्या हळूच उठल्या, स्वतःचं ताट घेऊन आल्या, आणि श्रावणी म्हणाली, "अगं, सॉरी आई, तू जेवायची आहेस होय?" अगदी सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, आणि त्याचीच तर भीती वाटत होती.

जेवताना लहानपणाच्या गोष्टी निघाल्या. श्रावणी म्हणाली, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचताना ती स्टेजवर पडली होती, सगळे हसले होते, आणि घरचं कुणीच आलेलं नव्हतं. शेवटी वर्गशिक्षिकेनं तिला उचललं.

"मी आले होते," मॅडम म्हणाल्या.

"नाही गं आई. तू फील्डवर होतीस. तू नेहमी फील्डवरच असायचीस."

"तिसऱ्या रांगेत होते. तुझ्या डाव्या पायातले घुंगरू सुटले होते. पडायच्या आधी तू त्यांच्याकडे एकदा बघितलंस. उठल्यावर परकर झाडलास आणि त्या निळ्या रिबिनवाल्या मुलीला म्हणालीस, मला काही लागलं नाही."

श्रावणीचा घास हातातच राहिला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बघत होते."

"मग मला उचलायला का आली नाहीस?"

"तू आपली आपण कशी उठतेस ते..." मॅडम मध्येच थांबल्या.

"बघत होतीस," श्रावणी म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं आईच्या दिशेनं पाहिलं, पण नजर जरा चुकून, मागच्या भिंतीवर गेली.

निघताना मॅडम जिन्यापर्यंत आल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना वर्गाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. "कदम, मी तिला कधी टोकलं नाही, मारलं नाही, हट्टानं काही करायला लावलं नाही. आपण हात लावला की माणूस बदलतं, एवढंच मला ठाऊक होतं. म्हटलं, ही तरी जशी आहे तशी वाढू दे. तिचं सगळं मला पाठ आहे हो. आणि तिच्याकडे माझं काहीच नाही. एक आठवण नाही. ती शुक्रवारी जाणार. त्याच्या आत मला एक तरी पाहिजे." पोटच्या पोरीचं घर म्हणजे फील्ड नव्हे, हे बीएच्या पोरानंही सांगितलं असतं, पण त्या बाईनं आयुष्यभर ज्याला प्रेम मानलं ते हेच होतं. मला त्यांची इतकी कीव आली, की मी घाईनं जिना उतरलो.

ते दोन-तीन दिवस त्यांनी काय नाही केलं! पोपटी रंगाची साडी आणली, हातभर बांगड्या भरल्या, पायात पैंजण घातले. नवी पेठेत मला भेटल्या तेव्हा छमछम ऐकू आली आणि मग काही वेळानं त्या दिसल्या. दुकानदार त्यांच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. श्रावणीचं काय, विचारलं, तर म्हणाल्या, "काल विचारत होती, शेजारी कुणाच्या घरी पैंजण वाजतायत म्हणून."

शुक्रवारी दुपारी मीच दोघींना रिक्षानं स्टेशनवर नेलं. एसीचं तिकीट मिळालेलं नव्हतं, साध्या डब्यात खिडकीजवळची जागा होती. सामान वर लावून दिलं, खाली उतरलो. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, एक हात गजावर. आतून श्रावणीचा कोपर त्या हाताला जवळजवळ टेकलेला. मी त्यांच्या मागं. भोंगा झाला. श्रावणीनं फलाटावर इकडून तिकडं पाहिलं. डोळे भरले होते तिचे. मला म्हणाली, "काका, आई आली नाही का हो?"

भरदुपारी, सोलापूरच्या उन्हात, मला हुडहुडी भरली. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी मॅडमना दाखवायला हात वर केला तेव्हा गजावर मला हात दिसेना. रिकामा गज. पोपटी रंग कुठंच नाही. गाडी हलली.

तेव्हा श्रावणीचा हात एकदम खिडकीकडे ओढला गेला. दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून, गजाला छाती लावून मॅडम उभ्या होत्या. "ईडने उन्ना!" त्या ओरडल्या. इथंच आहे मी! मागाच्या खडखडाटात पिढ्यान्‌पिढ्या ओरडून बोलणाऱ्या घरातला तो आवाज, इतकी वर्षं कुठं दाबून ठेवला होता कुणास ठाऊक. "श्रावणी! ईडने उन्ना! नी पक्कनेच!" तुझ्या शेजारीच! श्रावणीनं किंकाळी फोडली. गाडीबरोबर मॅडम चालू लागल्या, मग पळू लागल्या, मनगट सोडेनात. बांगड्या फुटून फलाटावर पडत होत्या. "ओ बाई, सोडा की!" "मरताय काय!" "अरे धरा त्यान्ला!" हमाल धावले, मी धावलो. मी त्यांची कंबर धरून मागं ओढलं तेव्हा कुठं हात सुटला आणि आम्ही दोघंही आपटलो.

भोवती गर्दी जमली. रेल्वेचा पोलीस आला आणि त्यानं मॅडमना असं झाडायला सुरुवात केली, की मला कानावर हात ठेवावेसे वाटले. "वय काय, करताय काय! आमाला कामाला लावताय व्हय? अक्कल हाय का न्हाय?" मॅडम खाली बसून, केस सुटलेले, साडी फाटलेली, हातातून रक्त येत असलेलं, मान वर करून त्याचा शब्द न शब्द ऐकत होत्या.

माझा फोन वाजला. श्रावणी. हुंदक्यांनी तिला बोलता येत नव्हतं. "काका, हात सुजलाय माझा. रक्त आलंय. काय वेडबिड लागलंय का आईला? तिला सांगा, मी भयंकर रागावलेय. आयुष्यात इतकी कुणावर रागावले नाही."

मी फोनवर हात ठेवला. "मॅडम, ती रागावलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यावर?"

"तुमच्यावरच."

"नक्की? नाव घेतलं?"

"आईला सांगा म्हणाली."

त्यांनी रक्ताळलेला हात पुढं करून फोन मागितला. पलीकडून तेलुगूत सरबत्ती सुरू झाली, ती मलाही ऐकू येत होती. मॅडमनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग त्याही तारस्वरात भांडू लागल्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, कुणीच ऐकत नव्हतं. मला तेलुगू कळत नाही. पोलीस गप्प झाला. चहावाला किटली घेऊन थांबला. दोन फलाटांवरची माणसं वाकून वाकून बघत होती, ही कोण बाई म्हणून. मी रिक्षा बघायला पुलाकडे निघालो, आणि पायऱ्यांवरून वळून पाहिलं तर गर्दी आणखी वाढली होती आणि तिच्या मध्ये मॅडम उभ्या राहून, मोकळा हात नाचवत, अजून भांडत होत्या.